इतिहासाची भिंत : खारघरच्या एका लहान खासगी विद्यापीठातल्या कामाच्या नोंदी

मी ग्रंथालयात काम करते. नॅकची, म्हणजे शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, टीम येण्याआधी ग्रंथालयाबाहेरच्या पॅसेजमध्ये संस्थेचा आणि कॅम्पसचा इतिहास सांगणारी भिंत उभी करा, असं वरून आलं. नवी मुंबईत अशा संस्था पुष्कळ आहेत आणि हे काम आज ना उद्या कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. संस्थेचं नाव आणि तिची स्वतःची वर्षं इथं दिलेली नाहीत, तेवढी परवानगी मिळाली नाही.

10 जून 2024

मंजूर रक्कम 45,000 रुपये. मदतीला आर्किटेक्चरची दोन मुलं आणि स्टोअरचे मामा. जिन्याखालच्या खोलीत पत्र्याची कपाटं, पीव्हीसी पाइपात कोंबलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या आणि बिस्किटांच्या खोक्यात फ्लॉपी.

मुलं लगेच आवराआवरीला लागली होती, त्यांना थांबवलं. आधी प्रत्येक कप्प्याचा आहे त्या स्थितीत फोटो काढला आणि कप्प्याला खडूने नंबर टाकला. एका टाचणीत असलेले कागद कुणीतरी कधीतरी एकाच कामासाठी एकत्र ठेवलेले असतात. तारीख नसलेल्या कागदाचा काळ बऱ्याचदा शेजारच्या कागदावरून कळतो. गठ्ठे सोडून विषयवार फायली केल्या की हा पुरावा कायमचा जातो.

संस्थेच्या स्मरणिका मिळाल्या. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला इतिहासाचा लेख आधीच्या स्मरणिकेतून शब्दशः उचललेला आहे, मुद्रणदोषांसकट. फक्त स्थापनेचं वर्ष वेगळं!

14 जून

स्थापनेचा दिवस शोधण्यात आठवडा गेला. तुमचाही जाईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडची शिक्षणसंस्था बहुधा दोनदा नोंदवलेली असते. एकदा 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, आणि मग 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दुसऱ्या नोंदणीचा नंबर 'एफ' ने सुरू होतो. जुन्या लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात दोन्ही नंबर छापलेले असतात. या दोन नोंदणींत काही महिन्यांचं अंतर पडतं, आणि मध्ये 31 डिसेंबर आला की वर्षं दोन होतात. आमच्या स्मरणिकांतला घोळ हाच. एकाने पहिलं प्रमाणपत्र पाहून लिहिलं, दुसऱ्याने दुसरं.

पण दिवस तेवढेच नाहीत. वाशीत भाड्याच्या गाळ्यांत पहिली तुकडी बसली तो एक. खारघरच्या भूखंडाचं सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, वाटपपत्र आलं तो एक. करारनाम्यावर सह्या झाल्या तो एक. विद्यापीठाचा कायदा राजपत्रात छापून आला तो शेवटचा. पहिल्या आणि शेवटच्या दिवसात एका माणसाची अख्खी नोकरी होऊन जाईल एवढं अंतर आहे.

रजिस्ट्रार सरांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, एक तारीख सांगा. सहा तारखा उभं राहून वाचणार कोण?" मी म्हटलं, "एकच लिहायची तर ती कशाची तारीख आहे तेही शेजारी लिहू." त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरून चालले आहे.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट 1 ची नक्कल अवश्य काढा. विश्वस्त कोण होते, कधी बदलले, संस्थेची मालमत्ता काय, हे सगळं त्यात ओळीने असतं. भाषणबाजी अजिबात नसते.

24 जून

कागद सुकवणं. पावसाळ्यात हे काम हाती घ्यायलाच नको होतं, पण नॅक काही मुहूर्त पाहून येत नाही.

स्टेपलर पिना गंजून कागदाला चिकटल्या होत्या. नखाने उपसली की भोवतालचा कागदही निघतो. मामांनी युक्ती काढली. प्लास्टिकची पातळ पट्टी पिनेच्या आणि कागदाच्या मध्ये सरकवायची, मागचे पाय एकेक करून सरळ करायचे आणि मग पुढून उचलायची. वेळ लागतो, पण फाटत नाही. नवीन पिना लावायच्या नाहीत, प्रत्येक गठ्ठा जाड कागदात घडी घालून ठेवायचा.

बुरशी आलेले कागद उन्हात टाकू नका, शाई उडते. टीपकागदाच्या मध्ये ठेवून, पंखा भिंतीकडे तोंड करून लावला. थेट वाऱ्याने कागदाच्या कडा वळतात. सुकल्यावर मास्क लावून बाहेर गॅलरीत मऊ ब्रशने झटकले. कुणीतरी आधी फाटलेल्या पानांना सेलोटेप लावून ठेवली होती. टेप पिवळी पडून गळली आणि तिचा गोंद मात्र अक्षरांवर राहिला. तो काढायच्या भानगडीत पडलो नाही, तसंच स्कॅन केलं.

8 जुलै

रात्रभर पाऊस, लोकल बंद. फक्त मामा पोचले, कारण ते गावातच राहतात. त्यांनी जमिनीलगतच्या कप्प्यांतलं सगळं उचलून टेबलांवर ठेवलं. खोलीत घोट्याला लागेल एवढं पाणी आलं होतं. 26 जुलै 2005 लाही याच खोलीत पाणी भरलं होतं, तरी त्यानंतर फायली पुन्हा जमिनीलगतच ठेवल्या गेल्या.

19 जुलै

नकाशे. यात सर्वांत जास्त त्रास झाला आणि सर्वांत जास्त हातीही लागलं.

आर्किटेक्टकडून यायचे ते बहुतेक अमोनिया प्रिंट. उजेडात राहिले की फिके होत जातात. घडीच्या आतली बाजू अजून जांभळी, बाहेरची जवळजवळ कोरी. ए झिरो आकाराचे कागद आपल्या स्कॅनरवर मावत नाहीत, म्हणून बेलापूरच्या एका प्लॉटिंगच्या, म्हणजे मोठे नकाशे छापून आणि स्कॅन करून देणाऱ्या, दुकानात नेले. दर शीटला 90 रुपये. यंत्र कागद रोलरमधून ओढून घेतं, आणि दुसऱ्याच शीटचा कोपरा त्यात अडकून फाटला. दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे, गॅरंटी नाही." उरलेल्या गुंडाळ्या तशाच परत आणल्या.

नंतर हे केलं. गुंडाळी उलटी फिरवून सरळ करायचा प्रयत्न केला नाही. टेबलावर पसरून, वर टीपकागद आणि त्यावर बांधीव नियतकालिकांचे खंड ठेवून काही दिवस दाबली. मग जमिनीवर पांढरी चादर, दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट, आणि कॅमेरा ट्रायपॉडचा दांडा आडवा करून बरोबर वर. एका शीटचे चार भाग, कडेला थोडे एकमेकांवर चढतील असे. जोडायचं काम मुलांनी केलं. प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी ठेवली, नाहीतर माप कळत नाही. यात पैसे गेले नाहीत, आणि फिक्या रेषा दुकानातल्या स्कॅनपेक्षा स्पष्ट आल्या, कारण दिवे हवे तसे तिरके करता येत होते.

आता हाती काय लागलं ते. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा पॅसेज पश्चिमेकडे जातो आणि एका भिंतीशी संपतो. त्या भिंतीत दरवाजाची चौकट आहे, दरवाजा नाही, मागे नुसतं बांधकाम. गच्चीवर त्याच रेषेत खांबांच्या सळया हातभर वर आलेल्या, टोकांना सिमेंटचे गोळे. होस्टेलच्या मुलांनी या चौकटीवर भुताच्या गोष्टी रचल्या आहेत. एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाताना त्यात एक मेलेला कंत्राटदारही आला.

मंजूर नकाशात मधल्या चौकाभोवती चार विंग आहेत. बांधल्या गेल्या दोन. ती चौकट तिसऱ्या विंगमध्ये उघडणार होती. त्याच गठ्ठ्यात सिडकोशी झालेला पत्रव्यवहार सापडला. सिडकोचा भूखंड विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळतो, साठ वर्षांच्या. ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करायची अट असते, आणि मुदतवाढ हवी तर जादा अधिमूल्य भरावं लागतं. संस्थेने एकदा भरलं. पुढच्या वेळी आहे तेवढ्याच बांधकामाचं भोगवटा प्रमाणपत्र घेऊन टाकलं आणि भिंत घातली. प्लिंथ म्हणजे जोत्याच्या तपासणीचे दाखले पाहिले तर तिसऱ्या विंगचा दाखलाच नाही. म्हणजे पायाही भरला नव्हता.

स्मरणिकेत याबद्दल अवाक्षर नाही. तिथं "भव्य वास्तू दिमाखात उभी राहिली" एवढंच. माझं मत विचाराल तर कॅम्पसचा इतिहास सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), प्लिंथ आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) या तीन कागदांवरून लिहावा आणि स्मरणिका फोटोंपुरती उघडावी.

2 ऑगस्ट

उपग्रहाची छायाचित्रं. गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांना जाता येतं, पण आमच्या भागाची स्पष्ट चित्रं साधारण 2000 नंतरचीच आहेत. त्याआधीसाठी लँडसॅट, अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट. लँडसॅट 5 हा उपग्रह 1984 मध्ये गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर बाय 30 मीटरचा चौकोन. आमची पहिली इमारत त्यात दोन-तीन ठिपक्यांची. इमारती शोधायला याचा काही उपयोग नाही, मुलांचे दोन दिवस त्यात गेले. जमीन कशाखाली होती ते मात्र नीट कळतं. जून ते सप्टेंबरचं काही उतरवून घेऊ नका, नुसते ढग. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं घ्या.

20 ऑगस्ट

पहिल्या फलकाचा मजकूर ऑफिसकडून तयार होऊन आला : "ओसाड माळरानावर ज्ञानगंगा अवतरली." स्मरणिकेतलंच वाक्य.

ऑक्टोबरच्या लँडसॅट चित्रात अवरक्त पट्टा लाल रंगाला लावला की हिरवं पीक लालभडक दिसतं. 1990 च्या आसपासच्या चित्रात आमचा भूखंड आणि त्याच्या खालचा ओढ्यापर्यंतचा पट्टा लाल आहे. डोंगराची बाजू फिकट. जुन्या टोपोशीटवरही, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरही, ओढा आणि गाव स्पष्ट आहेत. तरी हे सगळं यंत्राचं बोलणं, म्हणून मामांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या आईला विचारा." दुपारी त्यांच्या घरी गेलो.

आजींनी आम्हाला आधी चहा पाजला, मग संस्थेवर राग काढला, मग बोलल्या. "तुमच्या बिल्डिंगीखाली आमची खाचरं व्हती. वरच्या अंगाला नाचणी, खाली भात." कुठल्या खाचरात पाणी आधी उतरायचं, बांधावर कुणाची भांडणं झाली, हे सांगताना त्या हाताने चटईवर रेषा काढत होत्या. आमच्याबरोबरच्या आर्किटेक्चरच्या मुलाने ते मोबाइलवर टिपलं. घरी येऊन चित्राशी ताडलं तर ओढ्याचं जुनं वळण त्यांनी सांगितलं तिथंच होतं. आता तिथं पार्किंग आहे, आणि 8 जुलैला पाणी कुठून आलं तेही त्यावरून कळलं.

मागची हकीकत इथल्या कुणालाही नवी नाही. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं जमीन घेण्यासाठी अधिसूचित झाली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासईला जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. 16 आणि 17 जानेवारीच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के योजना, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची, आली ती त्या लढ्याच्या पोटी. आमच्या कॅम्पसच्या मागच्या रांगेतल्या चार-चार मजली इमारती साडेबारा टक्क्यांतल्याच भूखंडांवर आहेत, आणि आमची निम्मी मुलं तिथंच भाड्याने राहतात. हे भिंतीवर नसेल तर भिंत अर्धीच.

ऑफिसचं म्हणणं : "उगाच वाद कशाला?" मी चित्र, टोपोशीट आणि आजींचं टिपण तिन्ही टेबलावर ठेवलं. तडजोड अशी झाली : "ओसाड" गेलं, "भातशेती" आली, 1984 एका ओळीत राहिलं. ज्ञानगंगा राहिली. ती काढायची माझी ताकद नाही.

18 सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. फ्लॉपी.

यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह 1,400 रुपयांना घेतला. बऱ्याच फ्लॉपींच्या चकतीवर बुरशीचे डाग. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की वाचायचं डोकं खराब होतं आणि पुढची चांगलीही वाचली जात नाही. पत्र्याचं झाकण सरकवून, उजेडात धरून, चकती हाताने फिरवून आधी पाहा. डाग दिसला तर बाजूला.

वाचल्या गेल्या त्यांत स्मरणिकांच्या पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या) फायली होत्या. उघडल्यावर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. युनिकोड येण्याआधी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये मराठी टाइप व्हायचं. संगणकाला ते रोमन अक्षरंच वाटतात, फाँट असेल तरच मराठी दिसतं. नुसता मजकूर काढून घेतला आणि परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला. नव्वद टक्के नीट आलं. रफार मात्र एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकला, 'ऱ्या' सगळीकडे तुटला, आणि ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध जाऊन बसली. 'विद्यार्थी' एकदाही नीट आला नाही. प्रूफं वाचावीच लागली. फाँट कुठल्या नावाचा आहे ते आधी लिहून ठेवा, कारण एकाच घराण्यातल्या दोन फाँटची मांडणी वेगळी असू शकते आणि परिवर्तक चुकीचा निवडला तर मजकूर खरा वाटण्याइतपत चुकतो.

5 ऑक्टोबर

तारीख नसलेले फोटो आणि पत्रं. उपयोगी पडलेल्या खुणा :

पाटीवर किंवा पत्रावर इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' असेल तर बहुधा 1996 च्या आधीचं, कारण त्या वर्षी ती 'मुंबई' झाली. 'बहुधा' अशासाठी की छापलेली लेटरहेडं संपेपर्यंत वापरायची आपली पद्धत आहे. दूरध्वनी सात आकडी असेल तर 2002 च्या आधीचं, त्या साली नंबरापुढे 2 लागला. "बेलापूर स्टेशनवरून बस" असा पत्ता सांगितलेला असेल तर पनवेलपर्यंत लोकल सुरू होण्याच्या, म्हणजे 1998 च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त.

फोटोच्या कोपऱ्यातल्या केशरी तारखेवर विसंबू नका. सेल बदलला की कॅमेरा आपल्या मूळ तारखेवर जायचा, आणि पुन्हा लावायचे कष्ट कोण घेणार! भूमिपूजनाच्या आमच्या एका फोटोवर संस्थेच्या नोंदणीआधीची तारीख आहे. त्याच फोटोत मागे उभे निवृत्त हेडक्लार्क काका आहेत. त्यांना दाखवला तर म्हणाले, "हा स्वेटर माझ्या लग्नात आलाय." लग्नाची तारीख त्यांना तोंडपाठ होती. फोटो तिच्यानंतरचा.

24 ऑक्टोबर

विद्यापीठाचा फलक. पाहुण्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून चार ओळींत बसवला. अभिमत विद्यापीठाचा दर्जा केंद्र सरकार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 1956 च्या कायद्यातल्या कलम 3 खाली देतं. खासगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने होतं. महाराष्ट्रात अशा कायद्यांची सुरुवात अलीकडची. पनवेलजवळच्या भाताणचं अ‍ॅमिटी 2014 च्या कायद्याने झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये यूजीसीने 123 संस्थांना नावातला 'युनिव्हर्सिटी' शब्द काढायला सांगितला, त्या सगळ्या अभिमत होत्या. तो नियम आम्हाला लागू नव्हता, तरी तेव्हा पालकांचे फोन आमच्याकडेही आले होते.

ऑफिसला भिंतीवर "विद्यापीठाचे माजी विद्यार्थी" या मथळ्याखाली अगदी पहिल्या तुकडीपासून फोटो हवे होते. त्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या आहेत. यूजीसीच्या 2003 च्या नियमावलीनुसार खासगी विद्यापीठ एकात्मक असतं, त्याला महाविद्यालयं संलग्न करता येत नाहीत. म्हणून कायदा झाल्यावर नवे प्रवेश आमच्या नावाने झाले, आणि आधी घेतलेली मुलं मुंबईचीच राहून पास झाली. काही वर्षं एकाच नोटीस बोर्डावर दोन विद्यापीठांची परीक्षा-वेळापत्रकं लागत होती. काकांनी तेव्हाची एक नोटीस जपून ठेवली होती : "कृपया आपल्या विद्यापीठाचेच वेळापत्रक पाहावे." भिंतीवर मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. मथळा "संस्थेचे माजी विद्यार्थी" केला.

20 नोव्हेंबर

मतदान. बंद.

9 डिसेंबर

छपाई आणि जडणघडण. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण वर्षात चिरतो आणि त्यावर ट्यूबलाइट चमकते. सनबोर्डवर मॅट व्हिनाइल घेतलं. दुकानात फाइल उघडली तर जोडाक्षरं फुटली, 'विश्वस्त' मधला 'श्व' दोन तुकड्यांत. त्यांच्याकडे आमचा फाँट नव्हता. परत येऊन सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट लागणार नाही अशा रेषांच्या चित्रात, बदलून पीडीएफ दिला. तुम्ही पहिल्यांदाच तसा द्या, आणि एका फलकाचा ए फोर नमुना छापून वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

फलक दुहेरी टेपने लावले. सकाळी दोन खाली पडलेले, भिंतीचा डिस्टेंपर टेपसकट उतरलेला. पश्चिमेच्या भिंतीत ओल आहे, तिथं टेप धरत नाही. शेवटी ड्रिल, गिट्ट्या आणि स्क्रू. फलक भिंतीपासून अर्धा इंच पुढे राहावा म्हणून मागे प्लास्टिकचे वायसर दिले, वारा खेळता राहतो.

खर्च : छपाई 27,600, टीपकागद आणि जाड कागद 3,100, फ्लॉपी ड्राइव्ह 1,400, हार्ड डिस्क दोन मिळून 9,200, प्लॉटिंगच्या दुकानात 180, ड्रिलवाला 1,500, किरकोळ 1,350. एकूण 44,330. आजींचं टिपण उतरवून घेणं, प्रूफं आणि प्रवास यात धरलेलं नाही.

16 डिसेंबर

नॅकची तारीख पुढे गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या चौकटीशेजारी मंजूर नकाशाची छोटी प्रत लावायला परवानगी मिळाली, ती लावली. होस्टेलची मुलं खूश नाहीत. डाग पडलेल्या फ्लॉपी वेगळ्या डब्यात आहेत, त्या साफ करून देणारं कुणी नवी मुंबईत असेल तर कळवा. छपाईवाल्याचं बिल अकाउंट्समधून परत आलं आहे, जीएसटी नंबरातला एक आकडा चुकलाय.